शेपूट अजून धावपट्टीवर होतं

आमच्या शहरात उतरायचं असलं की मला जरा जास्तच आनंद व्हायचा. मी मुकुंदवाडीत लहानाचा मोठा झालो. विमानतळ घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळं विमानाचा आवाज आला की गच्चीवर पळायचं हा आमचा खेळ. पुढं मी को-पायलट झालो, आणि त्या रात्री माझ्याच गावात उतरत होतो.

डाव्या सीटवर कॅप्टन होते. तेही इथलेच, गुलमंडीतल्या एका कापड दुकानदाराच्या घरातले. नोकरीसाठी माझी मुलाखत होती तेव्हा आठ दिवस रोज संध्याकाळी त्यांनी माझी तयारी करून घेतली होती. विमानात मी त्यांना सर म्हणायचो, बाहेर दादा. आमच्या घरी ते किती वेळा जेवले असतील. आईच्या हातची येसर आमटी वाटीला तोंड लावून प्यायचे. आई म्हणायची, "तुला पाठचा भाऊ नाय, पण थोरला मिळाला बघ."

लँडिंग त्यांनीच केलं, अलगद. वेग कमी झाल्यावर आम्ही धावपट्टीतून बाहेर नेणाऱ्या रस्त्याकडं, टॅक्सीवेकडं वळलो. वळताच पुढं अंधार. टॅक्सीवेच्या कडेचे निळे दिवे एका बाजूला बंद होते आणि जमिनीवरची मधली रेषा नीट दिसेना. दादांनी ब्रेक दाबला.

धावपट्टी मोकळी झाली असं केव्हा म्हणायचं, याचा नियम साधा आहे. जमिनीवर एक थांबरेषा असते. विमानाचं शेपूट तिच्या पलीकडं गेलं पाहिजे. पण कॉकपिटमधून शेपूट दिसत नाही, अंदाजानंच कळतं. आमचं नाक बरंच बाहेर होतं, शेपूट मात्र नक्कीच आत होतं. आणि आमच्या मागं दुसरं विमान उतरायला निघालं होतं.

कंट्रोल टॉवरनं विचारलं, धावपट्टी मोकळी झाली का?

रेडिओ माझ्याकडं होता. मी दादांकडं बघितलं.

"मोकळी झाली म्हण," ते म्हणाले.

"सर, शेपूट अजून आत आहे."

"अरे निघतोच आहोत ना! सांग लवकर, त्याला उगाच परत वर जावं लागेल."

मी बटण दाबलं आणि मोकळी झाली म्हणून सांगितलं. अंगठा माझाच होता, आवाज माझाच होता. हे मी आजही कुणापासून लपवत नाही.

टॉवरनं मागच्या विमानाला उतरायची परवानगी दिली. दादांनी ब्रेक सोडला, विमान जरासं सरकलं आणि परत थांबलं. मधली रेषा काही सापडेना. "कुठं गेली ही?" ते पुटपुटले. मी मोजून तीन श्वास वाट पाहिली आणि मग त्यांना न विचारता बटण दाबलं. "चूक झाली, आम्ही अजून धावपट्टीवर आहोत." टॉवरनं लगेच मागच्या विमानाला वर जायला सांगितलं. आमच्या डोक्यावरून त्याचा आवाज गेला. मग दादांनी मधली रेषा शोधत विमान हळूहळू जागेवर नेलं.

प्रवासी उतरल्यावर मी म्हणालो, "दादा, रिपोर्ट आत्ताच टाकू या. कॉकपिटमधलं आपलं दोघांचं बोलणंही रेकॉर्ड झालंय, विमान परत उडालं की ते पुसलं जाईल, जपून ठेवायला सांगू."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी करतो सगळं. तू घरी जा, आई वाट बघत असेल. टेन्शन नको घेऊ, मी आहे ना."

मी घरी गेलो. जेवलोसुद्धा. दादा आहेत म्हणून शांत झोपलो.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. तोवर तेच विमान सकाळी दुसऱ्या क्रूनं नेलं होतं आणि रेकॉर्डिंगमध्ये आमच्या बोलण्यावर त्यांचं बोलणं चढलं होतं. टॉवरच्या टेपवर फक्त माझा आवाज उरला.

चौकशीत दादांचं म्हणणं मला वाचून दाखवलं: "को-पायलटनं मला न विचारता धावपट्टी मोकळी झाल्याचं सांगितलं. माझ्या लक्षात येताच मी त्याला चूक दुरुस्त करायला लावली."

मी ते परत वाचायला लावलं. पहिलं वाक्य माझ्या गळ्यात बांधतील, अशी भीती मला थोडीफार होती. पण दुसरं? त्या रात्री मी एकच गोष्ट धड केली होती, तीही त्यांनी स्वतःच्या नावावर करून घेतली. मी घडलं तसं सांगितलं. चौकशी करणाऱ्या साहेबांनी लिहून घेतलं आणि विचारलं, "याला पुरावा?" माझ्याकडं नव्हता. माझं उड्डाण काही आठवडे बंद झालं, परत ट्रेनिंगला जावं लागलं.

मी दादांना फोन केला. त्यांनी उचलला, हे त्यातल्या त्यात बरं.

"दादा, असं का केलंत?"

"बघ, तू लहान आहेस. तुझे चार आठवडे जातील, विषय संपला. माझी कॅप्टनची सीट गेली असती."

"मला विचारलं असतं, तर मी स्वतः सगळं अंगावर घेतलं असतं."

ते म्हणाले, "म्हणूनच विचारलं नाही." आणि फोन ठेवला.

त्याचा अर्थ मी बरेच दिवस लावत बसलो. चांगला अर्थ काही लागला नाही; माझे उपकार त्यांना नको होते, एवढंच कळलं.

आईला मी ट्रेनिंग आहे एवढंच सांगितलं होतं. पण एका दुपारी ती म्हणाली, "त्यो येईना झाला रे. बोलाव की एखाद्या दिवशी." तेव्हा मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. ती ऐकत राहिली. मला वाटलं चिडेल, चार शिव्या देईल. तिनं एवढंच विचारलं, "त्या मागच्या इमानात माणसं होती का?"

"होती. भरलेलं होतं."

"आन् तू येळेवर सांगितलंस?"

"व्हय."

"मंग झालं," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत आत गेली. मी तिथंच बसून राहिलो. माझं काही तेवढ्यानं झालं नव्हतं.