लावलेलं पिल उकरू नये

नाना गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नशिराबादच्या शाळेत सातवीच्या पोरांना ‘दाहिने मुड’ शिकवत होतो. शिपाई कानाशी येऊन बोलला आणि मी मैदान, पोरं, कवायत सगळं टाकून एसटी थांब्याकडे पळत सुटलो. जळगावची गाडी हलल्यावर दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक म्हणजे गळ्यात शिट्टी तशीच होती आणि पोरांना ‘विश्राम’ म्हणायचं राहून गेलं होतं. बिचारी सावधानमध्येच ताटकळली असतील. आणि दुसरी... मी पळत आलो होतो. या डाव्या पायावर.

नाना म्हणजे जळगावचे हाडांचे डॉक्टर. वसतिगृहातला माझा खोलीसोबती; तो सोनगीरकडचा, मी यावलचा. माझ्याच वयाचा, पण पेशंट नाना म्हणत म्हणून मीही म्हणू लागलो. हा पाय त्याच्याकडे गेला तो माझ्या अकलेमुळे. शाळेची सहल सोनगीरच्या किल्ल्यावर नेली होती. ‘कुणी उडी मारली तर याद राखा,’ असा दम भरून मी स्वतःच तटावरून उडी मारली. उडी का मारू नये ते दाखवायला, असं मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांना काही ते पटलं नाही. नडगी मोडली. धुळ्याला प्लास्टर झालं, उन्हाळा गेला, पावसाळा गेला, हाड जुळेना. कुबड्यांवरचा कवायत मास्तर शाळेने किती दिवस ठेवावा? माझ्या जागी दुसरा आणायची कुजबुज सुरू झाली. घरी अक्का, माझी थोरली बहीण, रोज नवा हाडवैद्य शोधून आणी.

शेवटी नानाकडे गेलो. त्याने एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरला, मग उलटा करून पुन्हा धरला. हा माणूस एकच गोष्ट दोनदा बघायला लागला की समजावं, अवघड आहे.

“मुंबईला मोठं ऑपरेशन होईल,” तो म्हणाला. “नाहीतर एक करून बघू. मी वाचलंय, एकदा पाहिलंय, स्वतः केलेलं नाही. कमरेच्या हाडातला मगज सुईने ओढायचा आणि मोडल्या जागी सोडायचा. त्यात काही पेशी अशा असतात, की आपण काय व्हायचं हे त्यांचं ठरलेलंच नसतं. हाडापाशी गेल्या तर हाड होऊ शकतात.”

“पंचविशीपर्यंत माझंही ठरलेलं नव्हतं. मैदानापाशी गेलो, मास्तर झालो.”

“तुला यावलच्या भाषेत सांगतो. केळीच्या बुंध्याशी फुटलेलं पिल काढून दुसरीकडे लावता ना? तसं. धरेल, नाहीतर नाही धरणार.”

“नाही धरलं तर?”

“तर मुंबईला मी तुझ्यासोबत येईन.”

जागा बधिर केली होती, तरी मगज ओढताना मी जो ओरडलो, त्याने बाहेरचे दोन पेशंट बरे होऊन घरी गेले, असं नाना पुढे आयुष्यभर सांगत राहिला. पण माझा खरा पराक्रम नंतरचा. लहानपणी नवीन लावलेली पिलं मी मूळ धरलंय का ते बघायला उकरायचो आणि वडिलांचा मार खायचो. मोठेपणीही खोड गेली नाही. प्लास्टरच्या आत काय चाललंय या विचाराने जीव असा उतावीळ झाला, की एका दुपारी विळा घेतला आणि अंगणात बसून प्लास्टर कापायला लागलो. अक्काने किंचाळून विळा हिसकावला आणि मला रिक्षात घालून थेट नानाकडे आणलं.

रागावला की नाना आईच्या अहिराणीत शिरायचा. “तुनं डोकं ठिकाणवर शे का रे? लायेल पिल कोन उकरीसन देखस?” नवं प्लास्टर मात्र त्याने कुणाला हात लावू न देता स्वतःच घातलं, आणि ते वाळेपर्यंत माझा पाय मांडीवर धरून बसला. तेव्हा मला कळलं, माझा पाय नुसता माझा राहिला नव्हता.

पुढे एकदा त्याने तसाच एक्स-रे खिडकीला धरला. मग पाठ फिरवून चष्मा पुसत बसला. “धरलं वाटतं,” इतकंच म्हणाला. त्या मगजाने जुळलं, की आपसूक, असं मी नेहमी विचारायचो. “तू घाबरून गप्प पडलास, त्याचाही हात असेल,” म्हणायचा. छातीठोकपणे कधीच बोलला नाही. कुबड्या सुटल्यावर मी यावलहून एक पिल आणून त्याच्या दवाखान्यामागे, नळाजवळ लावलं. त्याची पिलं, पिलांची पिलं... दर घडातली पहिली फणी माझ्या घरी यायची.

परवा वहिनींना भेटायला गेलो. दवाखाना बंद. मागे भिंतीशी एक पिल एकटंच उभं होतं, पानं जरा मलूल.

“जायच्या चार दिवस आधी ह्यांनी बुंध्याजवळून काढून तिथे लावलं,” वहिनी म्हणाल्या. “धरलंय की नाही, कोण जाणे. भाऊ, तुम्ही केळीच्या गावचे, जरा बघता का?”

मी वाकलो. बोटं मातीला लागलीसुद्धा...

“वहिनी, ते बघायचं नसतं,” म्हटलं. नळाखालची बादली भरली, पिलाला पाणी घातलं, आणि डाव्या पायावर जोर देऊन उठलो.