कापसाच्या खोलीतली पेटी

सोलरमधलं माझ्याइतकं आमच्या गल्लीत कोणालाच कळत नाही. पॅनल उलटं ठेवून मी दिवसभर विजेची वाट पाहिली, हेही गल्लीला माहीत आहे.

सोलरची वीज बंद-चालू करायच्या पेटीतले खटके, म्हणजे एमसीबी, घ्यायला धुळ्याला गेलो. दुकानात एक चाचा होते. त्यांचं नाव विचारायचं राहिलंच. हातात पेटीत असते तशी वीतभर लोखंडी पट्टी. मागितलेला खटका तिच्यावर बसवायचे, कानाशी नेऊन वर-खाली करायचे, आवाज पटला तरच कागदात गुंडाळायचे. नापास खटक्याला बाजूला ठेवताना हळूच थोपटायचे.

मी पिशवीतून घरचे जुने खटके काढले. "चाचा, हे बसतात ना पट्टीवर? फिट्ट बसतात."

"बसायला काय, तू भी बसशील. हे घरातल्या लाईटीचे. पॅनलची लाईट डीसी राहते. हा खटका पाडला तरी आत ठिणगी जळत राहील. पेटी कुठे लावतो?"

"कापसाच्या खोलीत. भाव येईपर्यंत छताला टेकेल एवढा भरलाय. तिथेच एक भिंत मोकळी आहे."

चाचांनी पट्टी खाली ठेवली. "आणि पोरं कुठे झोपतात?"

"बाजूच्याच खोलीत."

ते डीसीचा एकेक खटका काढून कानाशी नेऊ लागले, आधीपेक्षा जास्त वेळ. माझं घर न पाहिलेला माणूस माझ्या घरासाठी घाबरला होता. मलाच भरून आलं. म्हटलं, "चाचा, काळजी नको. पेटी मी स्वतःच बसवतो."

चाचा कागद गुंडाळत म्हणाले, "पेटी बाहेरच्या भिंतीला लाव. वायरमनला बोलव. आणि तो काम करेल तोवर तू गावात फिरून ये."