दुसरी उदबत्ती

मामांइतका भित्रा मेकॅनिक मी जन्मात पाहिला नाही. गाडीखाली शिरायच्या आधी ते जॅक लावायचे, मग दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे, मग स्टेपनीही आडवी सरकवून ठेवायचे. एवढं करूनही आत जाताना चेहरा असा की परत येतो की नाही देव जाणे. छावणीच्या पलीकडे त्यांचं पत्र्याचं शेड होतं आणि काम फक्त सायलेन्सरचं. इंजिनातून निघालेला धूर मागच्या टोकाला बाहेर पडेपर्यंत जेवढ्या नळ्या लागतात, तेवढंच त्यांचं राज्य. पाटीवर त्यांचं रीतसर नाव होतं, पण सगळे म्हणायचे उदबत्तीमामा. कारण काम संपलं की ते इंजिन सुरू करायचे, उदबत्ती पेटवायचे आणि ती घेऊन गाडीखाली जायचे. बाहेरून दिसायचा फक्त फिरणारा हात, आणि ऐकू यायचं पुटपुटणं. देवभोळा माणूस, असं मी समजून चालले होते.

दुष्काळाची वर्षं होती. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी, आणि छत्रपती संभाजीनगर मात्र वाळूजपासून शेंद्र्यापर्यंत पसरतच चाललेलं. मामांच्या शेडमध्ये चहा अर्धाच कप मिळायचा, हात राखेने घासायचे. पण गाडीशेजारी एक गोणपाट कायम ओलं ठेवलेलं असायचं. पेट्रोल पेटलं तर टाकायला. आजवर कधी पेटलंय का, असं मी एकदा विचारलं. नाही म्हणाले. मग कशाला वाया घालवता पाणी? तर म्हणाले, "भेव वाटतंय, ताई." हे त्यांचं पालुपद होतं. पाना हातात घेताना, चावी फिरवताना, गिऱ्हाईक घाई करायला लागलं की. ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं.

मी तेव्हा वाळूजला एका कंपनीत डिझाइनचं काम करायचे आणि मस्तीत होते. जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेऊन तिला ताकद वाढवणारी चिप टाकली होती. टर्बोचा दाब दाखवणारं मीटर स्वतः बसवलं होतं, आणि त्याची नळी आत घ्यायला इंजिनामागच्या पत्र्याला भोकही मीच पाडलं होतं. आता टर्बोला लागून जी पहिली नळी उतरते, ती डाउनपाइप, कंपनीची काढून जाड टाकायची होती. आई माझ्या गाडीत दरवाज्यावरचं हँडल दोन्ही हातांनी धरून बसायची, डोळे सताड उघडे. एवढी वर्षं बसली, कधी डुलकी म्हणून घेतली नाही.

नळी पाहून मामांनी तोंड वाकडं केलं. कंपनीच्या नळीचं काय वाईट आहे, विचारलं. मी सांगितलं, अरुंद आहे, इंजिनाचा श्वास कोंडतो.

"आन आतल्या मान्साचा?" ते म्हणाले.

मी हसले. त्यांनी आधी ते भोक बुजवून घ्या म्हणून सांगितलं. मी हो म्हटलं आणि विसरून गेले.

काम दोन दिवस चाललं. इंजिन गार झाल्याशिवाय ते हात लावायचे नाहीत. टर्बोचे नट गंजून बसलेले. त्यांवर तेल सोडायचं आणि वाट बघत बसायचं. अशाच वाट बघण्यात मी चिडून विचारलं, मामा, तुम्ही एवढे भिता कशाला? त्यावर त्यांनी जे सांगितलं ते तुटक होतं, आणि मी फोन चाळत अर्ध्या कानाने ऐकलं. घरचा धंदा मेंढरांचा. एका कोरड्या सालात चाऱ्यासाठी वडिलांनी कळप ट्रकमध्ये भरला, वर ताडपत्री आवळली, मागे मेंढरांत मामा आणि त्यांचा थोरला भाऊ. खाली धुराची नळी फुटलेली होती. ताडपत्रीच्या फाटक्या जागेला नाक लावून बसले होते म्हणून मामा वाचले.

"मेंढरू चालत्या गाडीत कधी बसत नाय, ताई. त्या दिशी एकेक करून बसाया लागली. दादा म्हनला, दमली असतील बिचारी. मंग दादा बी बसला."

एवढं सांगून त्यांनी चौदाचा पाना मागितला. मी अरेरे म्हटलं आणि पाना दिला.

नवी नळी बसली, सांध्यात नवं गॅस्केट बसलं, उदबत्ती फिरली. मग त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली आणखी एक उदबत्ती दाखवली. म्हणाले, गाडी पळून चांगली तापली की ही दुसरी. उद्या घेऊन या. मला उद्या आईला फर्दापूरला मावशीकडे न्यायचं होतं. म्हटलं, मामा, द्या इकडे, दुसरी मीच लावते घरी. ते घुटमळले. उदबत्ती माझ्या हातात दिली, पण बोटं लगेच सुटेनात.

"लावाल नव्हं? धुराकडं ध्यान ठेवा मातर."

"हो हो, ठेवते," मी म्हणाले.

आणि काय सांगू तुम्हाला, लावली आम्ही! सकाळी आईने गाडीला हळदकुंकू वाहिलं, बॉनेटवरून उदबत्ती तीनदा ओवाळली आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढे खोचून दिली. धूर छान दरवळला. मी अगदी ध्यान ठेवून पाहिला.

अजिंठ्याच्या रस्त्याचं काम चालू होतं. धुरळा एवढा की काचा बंद. सिल्लोड मागे पडलं तेव्हा माझं डोकं ठणकायला लागलं; म्हटलं, ऊन. गाडी मात्र काय पळत होती! शेजारी पाहिलं तर आईने हँडल सोडलं होतं, मान खांद्यावर टाकून झोपली होती. मला इतका आनंद झाला. शेवटी बसला बाई विश्वास हिचा माझ्या हातावर, असं वाटलं. दमली असेल बिचारी, असंही मनात आलं.

आणि त्या शब्दांसरशी माझ्या अंगावर काटा आला. दमली असतील बिचारी. हे मी कोणाच्या तोंडून ऐकलं होतं?

गाडी कशी थांबवली आठवत नाही. आईला दंडाला धरून बाहेर ओढलं, रस्त्याकडेच्या ढेकळांत आडवं केलं, हाका मारल्या. ती ओ देईना. आजूबाजूला झाडाची सावली नाही, माणूस नाही, नुसती वाळलेली रानं. माझी आई मी मारली, एवढंच डोक्यात होतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग ती ओकली, आणि डोळे न उघडता म्हणाली, "पोहोचलो का गं?" मी तिथेच मातीत बसून मोठ्याने रडले. एका टेम्पोवाल्याने आम्हाला सिल्लोडच्या दवाखान्यात नेलं. तिथे तिला दिवसभर ऑक्सिजन लावला.

गाडी ओढून मामांकडे आणली. मी मान खाली घालून सगळं सांगितलं, देवापुढे खोचलेली उदबत्तीसुद्धा. मला वाटलं, झाडतील, झाडायलाच हवं होतं. त्यांनी इंजिन तापवलं, उदबत्ती पेटवली आणि पहिल्यांदाच मला शेजारी बोलावलं. पुटपुटणं आता स्पष्ट ऐकू आलं. एक, दोन, तीन. मंत्र कसला, ते नट मोजत होते. तिसऱ्या नटाशी सरळ वर जाणारा धूर एकदम थरथरला आणि बाजूला फेकला गेला. तापून नट ढिला पडला होता. फटीतून आलेला विषारी वायू मीच पाडलेल्या भोकातून गाडीत शिरत होता.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "शिकलेल्या मान्साला काय सांगायचं, असं वाटलं मला."

मी जुनी नळीच परत बसवायला सांगितली. त्यांनी बसवली, भोकात रबरी बूच मारलं आणि दुसऱ्या उदबत्तीला माझी वाट न बघता स्वतः घरी आले.

पुढे रस्ता रुंद झाला आणि त्यात शेड गेलं. मामा फर्दापूरच्या अलीकडे बहिणीच्या गावी गेले. गेल्या वर्षी ते वारल्याचं कळलं, तेव्हा आम्ही मायलेकी त्याच गाडीने गेलो. आई आता खरंच म्हातारी झाली आहे, वाटेत पेंगते. मी तिला सारखी उठवते. सगळ्या काचा उघड्या असल्या तरी उठवते. ती करवादते, झोपू दे की गं सटवे, म्हणते. तिचं करवादणं ऐकलं की माझा जीव खाली पडतो. भेव वाटतंय, मामा.

बहिणीच्या घरी आईने त्यांच्या फोटोला हळदकुंकू न वाहता नुसता हार घातला आणि पिशवीतून उदबत्त्या काढल्या. एक पेटवून फोटोपुढे लावली. परत निघताना मी इंजिन सुरू केलं तर ही गाडीपुढे उभी, हातात पेटलेली दुसरी उदबत्ती.

"बॉनेट उघड," म्हणाली. "गाडी तापलेली आहे."

मी बॉनेट उघडलं. आईने उदबत्ती धरली आणि मी नट मोजले.