सरळ तोंडावर

दुपारचं जेवण अंगावर येतं आणि वैजयंताच्या पापण्या जड होतात. पलंगावर तिच्या शेजारी कॅमेरा आणि दोन फ्लॅश. विट्यातल्या तिच्या स्टुडिओसाठी दुकानदाराने दोन्ही पसंतीला दिलेत. एकाचं डोकं हलत नाही, तो उजेड सरळ माणसाच्या तोंडावर मारतो. दुसऱ्याचं डोकं छताकडे वळतं. उजेड छताला लागून मऊ होऊन खाली येतो आणि कसलाही चेहरा खुलवतो. कुठला ठेवावा, हे ठरवता ठरवता तिचा डोळा लागतो.

"वळणारा घे," कुणीतरी म्हणतं.

पलंगाच्या पायाशी आत्याबाई उभ्या आहेत. तिच्या सासूबाई, गेल्या वर्षी वारलेल्या. गळ्यात अजून भिंतीवरच्या फोटोचा हार आहे. डोळेही फोटोतल्यासारखेच तांबडे, कपाळ तेलकट.

"तुम्हाला हो काय कळतं फ्लॅशमधलं?"

"भिंतीवर बसून तुझीच कामं बघतीय न्हवं? लोकांच्या सासवांना छतावरनं उजेड देतीस. आन मला सरळ तोंडावर!"

वैजयंताला मनापासून हसू येतं. त्या फोटोच्या दिवशी आत्याबाई नवं लुगडं नेसून किती हौसेने बसल्या होत्या! आणि हिने फ्लॅश मुद्दाम पूर्ण ताकदीवर लावला होता.

"माझं लग्न आठवतं का, आत्या?"

पलंग आता मांडवात आहे. वैजयंताच्या कपाळाला मुंडावळ्या, आणि तरण्या आत्याबाई फोटोग्राफरच्या कानाला लागल्यात. "पोरगी काळी हाय. फ्लॅश वाढवा. पाव्हण्यांत शोभा नको."

फोटोग्राफर वाढवतो. अल्बमभर नवरी पिठाच्या डब्यात पडल्यासारखी. तिच्या आईने तो अल्बम दोन पानं उलटून मिटला होता.

"नाकसुद्धा उरलं नव्हतं माझं."

"गोरी दिसलीस की!"

"मी दिसलेच नाही."

मांडवाच्या खांबांना फ्लॅश लटकतायत. हे फ्लॅशचं दुकान आहे आणि आत्याबाई मंडईत वांगी निवडावीत तसं एकेकाचं डोकं वळवून बघतायत.

"परवा माझं वर्षश्राद्ध. माझ्या माहेरची माणसं येणार," त्यांचा आवाज उतरतो. "त्यांच्याम्होरं असं डोळं वटारून बसू? त्या दिवशीचा दुसरा फोटो हाय तुझ्याकडं. हसतानाचा. माझ्या भालूला सांगितलंस, सापडत न्हाई म्हणून."

"आहे. आणि मिळायचा नाही."

वर्षभर तिला हे वाक्य कुणाच्या तरी तोंडावर म्हणायचं होतं. बरं वाटतं. फार बरं वाटतं.

आत्याबाई न वळणारा फ्लॅश उचलून कॅमेऱ्यावर चढवतात. "ऱ्हाऊ दे मग. हास की जरा."

सगळं पांढरं होतं.

वैजयंता दचकून उठते. कॅमेरा पलंगावर आहे, पण त्यावर न वळणारा फ्लॅश चढवलेला, हाताला गरम लागणारा. ती शेवटचा फोटो उघडते. त्यात ती झोपलेली आहे. तोंड उघडं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ, चेहरा पिठासारखा, नाक गायब. फोटो वरून काढलाय. ती वर बघते. त्या उंचीवर फक्त आत्याबाईंची तसबीर आहे.

"अगं, आईचा तो हसरा फोटो सापडला का?" बाहेरच्या खोलीतून भालचंद्र, तिचा नवरा, विचारतो. "आज छापायला टाकला तरच परवापर्यंत मिळेल."

वैजयंता कॅमेरा उचलून तसबिरीसमोर उभी राहते. फ्लॅश पूर्ण ताकदीवर लावते.

"नाही सापडला!" ती ओरडून सांगते.

काचेवर सरळ मारलेला फ्लॅश उलटून मारणाऱ्याच्याच डोळ्यांत येतो, हे तिला चांगलं ठाऊक आहे. तरी ती बटण दाबते.