अकरा नावांचा एक दम

पडदा वर जातो. भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं अंगण. वेळ सकाळी दहाची. डाव्या विंगेला ओतीव कामाचे ढीग, उजव्या विंगेला पत्र्याची शेड, आणि मधोमध, जिथं सिंहासन असायला हवं तिथं, मेडिकलची पांढरी गाडी. शेडमधला धूळ ओढणारा मोठा पंखा आज घरघरतोय. एरवी तो बंद असतो, वीज फार खातो म्हणे. तपासणी असली की मात्र हमखास चालू. गाडीपुढं कामगारांची रांग. अंगात निळे कपडे, डोक्याला टोपी, तोंडाला फडकं. कोण कोणता, ओळखू येत नाही, आणि सगळं नाटक त्यावरच उभं आहे.

आतून पुकारा होतो, "टोकन सतरा, भैरू."

आणि आत जातो ज्योतीराम.

चाळीस वर्षं मी लोकनाट्याच्या फडात राजे रंगवले. त्यातली सात-आठ वर्षं माझ्या प्रवेशाला तुतारी ज्योतीरामची होती. महाळुंग्याच्या जत्रेत आमचा तुतारीवाला तापानं पडला, तेव्हा गावकऱ्यांनी विशीतला एक गडी पुढं केला. त्यानं पहिली फुंकर मारली आणि तंबूची कनात हलली. खोटं सांगत नाही, माझ्या अंगावरच्या कागदी अलंकारांना त्या दिवशी सोन्याचं वजन आलं. तो एक लकब करायचा. आधी ओठ बसवायला एक छोटी फुंकर, मग क्षणभर थांबून सगळा दम एकदम. पुढं फड मोडला. त्याच्या रानात कंपनी उभी राहिली, त्या कंपनीत त्याला नोकरी नाही मिळाली, आणि एका कंत्राटदारानं त्याला या फाउंड्रीत आणून सोडला. ओतलेल्या लोखंडाला चिकटलेली वाळू ग्राइंडरनं घासून काढायची. चौदा वर्षं.

मला मात्र तो शेवटपर्यंत 'राजे'च म्हणत राहिला.

त्या शेडमध्ये वर्षाला एकदा फुंकायची टेस्ट व्हायची. नळी तोंडात धरायची, जोरात फुंकायचं, यंत्र कागदावर डोंगर काढतं. डोंगर बुटका निघाला की शेरा 'अनफिट', आणि दुसऱ्या दिवशी गेटपास बंद. अनफिट का झाला, हे कुणी विचारत नसे. पंखा रोज का चालत नाही, हे तर नाहीच. म्हणून ज्यांचा दम कमी, त्यांच्या नावानं ज्योतीराम आत जायचा.

एकदा चहा पिताना त्यानं मला हसत हसत सांगितलं, "राजे, औंदा अकरा पार्ट केले. सुपरवायझर म्हनला, ज्योती, जरा दमानं फुंक, यंत्राला संशय यील."

मीही हसलो. एका नटाला दुसऱ्याचं कसब दिसलं, त्यामागचं विष दिसलं नाही. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

भैरू त्या अकरांतला एक. बीडकडून आलेला, चाळिशीही न गाठलेला. गेल्या दीड वर्षात त्याला तीनदा न्यूमोनिया झाला. चौथ्यांदा सरकारी दवाखान्यात पडला तेव्हा ज्योतीराम मला घेऊन गेला. खाटेशेजारी भैरूची बायको यशोदाबाई बसली होती. तिच्या हातात कागदांची फाईल. हा आजार कामामुळं झाला असा दाखला मिळाला असता, तर औषधपाणी आणि पेन्शन सुरू झालं असतं. वैद्यकीय मंडळानं अर्ज परत केला होता. कारण, सहा वर्षांचे अहवाल उत्तम.

"या, भावजी," ती ज्योतीरामला म्हणाली. "कागद म्हणतो माझा नवरा पैलवान आहे. मग ह्या खाटेवर कोण झोपलंय, ते तरी सांगा."

भैरू मास्कच्या आतून कसाबसा बोलला, "त्याला नको बोलूस. मीच पाया पडलो होतो त्याच्या."

वॉर्डाच्या डॉक्टर योगिनी माझ्या नातीएवढ्या. मी विचारलं, हा सारखा सारखा आजारी का पडतो? त्यांनी स्टूल ओढलं आणि सांगायला बसल्या.

"बाबा, फुप्फुसात पहारेकरी पेशी असतात. जंतू आला की गिळून पचवतात. वाळूची धूळ पचत नाही. पहारेकरीच मरतो, आणि मदतीला दुसरी फौज धावते. त्या फौजेजवळ एक एन्झाइम असतं, कात्रीसारखं. जंतू कापायला दिलेलं. ते आवरायला यकृत एक प्रथिन पाठवतं, लगामासारखं. पण रोज धूळ आली, रोज फौज आली, की लगाम पुरत नाही. मग ती कात्री फुप्फुसाचे लवचीक धागे कापते. पेशींच्या अंगावर जंतू ओळखायच्या ज्या खुणा असतात, त्याही कापते."

"म्हंजी पहारेकरी हाय, पर आंधळा," ज्योतीराम म्हणाला.

"हो. म्हणून जंतू राहतो. तो राहिला की अजून फौज, अजून कात्र्या."

मी रंगमंचावर फितूर सेनापती पुष्कळ पाहिले, दोनदा स्वतः झालोही. इथं कुणी फितूर नव्हतं. ते एन्झाइम बिचारं नेमून दिलेलं काम करत होतं. रोज सकाळी आठच्या भोंग्याला शत्रू आत कोण सोडत होतं? एक बटण होतं भिंतीवर. दाबलं असतं तर धूळ वरच्या वर गेली असती. त्या बटणाच्या विजेपेक्षा भैरूचं फुप्फुस स्वस्त पडलं. मालकाच्या काचेच्या खोलीत गारवा बारा महिने चालू असतो, तो कुणाला महाग पडला नाही.

मधेच ज्योतीरामला खोकल्याची उबळ आली, तशा डॉक्टर थांबल्या आणि त्याच्याकडे वळल्या. "तुमचा खोकला कधीपासून आहे?"

"माझं ऱ्हाऊ द्या."

"फुंका बघू." त्यांनी वॉर्डातलं तसलंच यंत्र पुढं ओढलं.

तो फुंकला. आधी छोटी फुंकर, मग मोठी. कनात हलवणाऱ्या त्या छातीतून फाटक्या भात्यासारखा आवाज आला. कागदावर टेकाड निघालं, डोंगर नाही. गेल्या वर्षी ती गाडी आलीच नव्हती, त्यामुळं हे कुणाला कळलं नव्हतं, किंवा त्यानं कळू दिलं नव्हतं. डॉक्टर मात्र टेकाडाच्या पायथ्याशी बघत होत्या. तिथं एक बारीक पायरी होती, त्या पहिल्या छोट्या फुंकरीची. त्यांनी यशोदाबाईंची फाईल मागितली. भैरूच्या नावाचे सहा डोंगर, सहाही उंच, आणि सहांच्याही पायथ्याशी तीच पायरी.

त्यांनी जुना आणि नवा कागद ज्योतीरामपुढं शेजारी शेजारी धरले.

"व्हय," ज्योतीराम म्हणाला. "त्यो दम माझा हाय."

मंडळापुढं जायच्या दिवशी त्यानं मला बरोबर घेतलं. "तुमी बोलनारं मानूस, राजे." मी आदल्या दिवशी भाषण बसवून ठेवलं होतं. मालकाला, सुपरवायझरला, गाडीतल्या त्या माणसाला, ज्यानं सहा वर्षांत एकदाही तोंडावरचं फडकं खाली करा असं म्हटलं नाही, कुणालाच सोडणार नव्हतो. टेबलामागं तीन डॉक्टर. मी घसा साफ करून उभा राहिलो, तर ज्योतीरामनं माझा सदरा ओढला.

"बसा राजे. ह्यो परवेश माझा हाय."

त्यानं सांगितलं. सरळ, न रंगवता. डॉक्टर योगिनींनी सहा कागद आणि त्याचा नवा कागद टेबलावर ओळीनं मांडले. अध्यक्षांनी चष्मा पुसून पाहिलं, तरी खात्री होईना. म्हणाले, आमच्यासमोर फुंका. तो फुंकला आणि खोकत खुर्चीवर बसला. टेकाड अजून बुटकं. पायरी तिथंच.

अध्यक्षांनी हा कागद बाकीच्यांच्या ओळीत ठेवला. मग म्हणाले, "ठीक आहे. भैरूचे जुने अहवाल आम्ही बाद धरतो. त्यांची तपासणी नव्यानं होईल. पण तुम्ही जपून बोला. ही फसवणूक आहे. कंपनी तक्रार करू शकते, तुमचं काम तर आजच जाईल. भैरूपुरतं लिहून द्या आणि घरी जा. बाकीच्यांचं आम्ही विचारलेलं नाही."

माणूस भला असावा, त्याच्या परीनं वाचवत होता. मला त्याचाही राग आला. उरलेले दहाजण त्या वेळी कुठं होते, मला ठाऊक होतं. शेडमध्ये, पंखा बंद, हातात ग्राइंडर. कुणाच्या छातीत कात्री चालू झाली होती, कुणाच्या व्हायची होती, आणि प्रत्येकाच्या फाईलमध्ये ज्योतीरामचा जुना डोंगर, पैलवानाचा.

ज्योतीरामनं तोंड पुसलं. दम लागला होता, म्हणून आधी छोटा श्वास घेतला, थांबला, मग मोठा.

"विचारलं न्हाई, तरी लिव्हून घ्या, सायेब. ते अकरा, आन् मी बारावा. पयलं नाव माझंच घाला."