तळोद्याची नंबरची गाडी

नंबर हा शब्द म्हणे मूळचा लॅटिन. असेल बुवा! पण आमच्याकडे येऊन त्याच्यामागे जी कामं लागली, ती तिकडे कुणाला सुचलीही नसती. चष्म्याचा नंबर, चपलेचा नंबर, पाटाच्या पाण्याचा नंबर, दोन नंबरचा धंदा. पोरगं मेडिकलला गेलं तरी नंबर लागतो आणि म्हातारं वर गेलं तरी नंबरच लागतो. मी पस्तिशी ओलांडली तसं आमच्या गावात, ब्राह्मणपुरीत, जो तो विचारायचा, "तुन्हा नंबर कव्हय लागी?" शेती करणाऱ्याला कोणी मुलगी देईना, आणि वर हे! जाम चिडायचो मी.

शेवटी धडगावला नोकरी करणाऱ्या एका नर्सचं स्थळ आलं. तिला रजा नव्हती, म्हणून बघायला मी आणि मामाच घाट चढून वर धडगावला निघालो. तळोद्याच्या स्टँडवर जिची पाळी ती नंबरची जीप, आणि ती भरल्याशिवाय सुटत नाही; त्या दिवशी तिला मागचं एक चाकच नव्हतं. ड्रायव्हर ते घेऊन पंक्चरवाल्याकडे गेलेला. मागे चारही चाकांची धडधाकट जीप उभी होती, पण तिचा ड्रायव्हर शेंगा सोलत म्हणाला, "मन्हा नंबर नही शे." मग काय, त्या तिरक्या जीपमध्ये सगळे एकमेकांवर घरंगळत बसलो.

मामा मध्यस्थाला फोनवर ओरडले, "नर्सबाईले सांगा, उशीर व्हई!"

पुढच्या सीटवरची बाई वळली. "मीच ती. मीटिंगला खाली आले होते."

मामा क्षणभर गडबडले, पण रीत सोडतील तर ते मामा कसले? तिथंच शिक्षण, स्वयंपाक, सगळं विचारून झालं. अख्खी जीप कान टवकारून ऐकत होती. मग तिनं मलाच विचारलं, "मी बदली मागणार नाही. तुम्हाला वर येत-जात राहावं लागेल. चालेल?"

मामांचा पारा चढला. "चाल रे, उतर खाले!"

तेवढ्यात चाक आलं, शेवटचा पॅसेंजर आत घुसला, गाडी भरली. मामा उतरताच मागून कल्ला झाला, "दोन सीटा कमी व्हयन्यात ते गाडी जावाव नही!" एका म्हातारीनं तर माझी कॉलरच धरली.

खरं सांगतो, मला सुटायचंच नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला कोणीतरी थांब म्हणत होतं.

"मामा, बसा," मी म्हणालो. "मी येत जाईन वर."

मामा बसले.

बायको अजून धडगावलाच आहे. दर शनिवारी मी तळोद्याला नंबरच्या गाडीत बसतो. भरलेल्या गाडीतून कोणी उतरायला लागलं, की मीच त्याची कॉलर धरतो.