पात्यावरचा रंग

पोलिसाच्या नोकरीत बरेच मृतदेह पाहिले, तरी चाकणच्या त्या म्हाताऱ्या रंगाऱ्याचा चेहरा काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

लहान विमानांची इंजिनं दुरुस्त करणारा कारखाना होता. दसऱ्यानंतर काम सुरू झालं त्याच सकाळी चाचणीच्या स्टँडवर जोडीनं चालवलेल्या दोन इंजिनांपैकी एक निखळलं, त्याचा पंखा जाळी फोडून बाहेर आला आणि तिशीतला फिटर जागीच गेला. पंचनामा चालू असतानाच ठाण्यात निनावी फोन आला: "ऑपरेटरचं नि त्याचं वाजलं होतं. मुद्दाम बंद केलं नाही त्यानं."

ऑपरेटरला उचललं. लातूरकडचा पोरगा, रडून बेजार. मी दरडावलं, "स्टँड हादरतंय दिसत होतं ना? मग बंद का केलं नाहीस?"

"साहेब, दोन इंजिनांचे फेरे जुळले नाहीत की आवाज चढतो-उतरतो. जुळवले की सरळ होतो. त्या दिवशी आवाज सरळ झाला, तरी हादरायलंच! मला वाटलं अजून जुळेना, म्हणून जुळवीतच राहिलो."

मला ही थाप वाटली. चांगले दोन दिवस त्याला फैलावर घेतलं.

मग तज्ज्ञ आले. त्यांनी पंख्याची पाती तोलली. एक जड भरलं. त्यावर ताज्या रंगाचा जाड थर होता. पंख्याचा तोल गेला की फेरे कितीही जुळवा, हादरा जात नाही, असं ते म्हणाले. इंजिन स्टँडला धरून ठेवणाऱ्या बोल्टला जुनी चीर होतीच.

कारखान्यात जाऊन विचारलं, "पाती कुणी रंगवली?"

रंगारी पुढं आला. मेलेल्या फिटरचा बाप. "म्याच की, साहेब. खंडेनवमीला समदी मशिनं मीच रंगवतो. एका पात्यावर ओघळ आला, म्हनून आनिक दोन हात दिले. लेकाचं मशीन हाय, उजळ दिसाया नको व्हय?"

अरे देवा! जबाब लिहिला नाही, तर निरपराध पोरगा आत सडणार. लिहिला. वाचून दाखवताना म्हाताऱ्याला उमगलं.

"म्हंजी... माझ्या रंगानं?"

ऑपरेटर सुटला. रंग दिल्यावर तोल न तपासणाऱ्या आणि चिरलेला बोल्ट चालवणाऱ्या व्यवस्थापकावर गुन्हा दाखल झाला. बाबा, तुमचा दोष नाही, हे मी त्याला कितीदा सांगितलं. तो मात्र रोज सकाळी ठाण्यात यायचा, बाकावर बसायचा, हात पुढं करायचा.

"मला आत घ्या, साहेब."

गुन्हेगार पकडायला मला खात्यानं शिकवलं. या माणसाला सोडवायचं कसं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी चहा मागवायचो. तो प्यायचा नाही.